मोहरीएवढ्या मण्यातली आशा



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईने कर्ज मागितले. तिच्या अकरा वर्षांच्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे, रोज चार वेळा इन्शुलिनची सुई घ्यावी लागते. कोणीतरी तिला म्हणाले होते, "नव्या पेशी बसवतो, सुई कायमची बंद." पैसे देण्याआधी आम्ही चौकशी करायची ठरवली. डॉक्टरांना विचारले, वाचले. जे समजले ते आज सांगतो.

या मधुमेहात शरीराच्या राखणदार पेशी चुकून आपल्याच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात. आईने गोड खाऊ घातले म्हणून हा आजार होत नाही. मग बाहेरून नव्या पेशी घालता येतील का? येतात. कॅनडात एडमंटन इथे डॉ. जेम्स शापिरो यांच्या पथकाने मृत दात्यांच्या पेशी सात रुग्णांना दिल्या आणि त्यांची सुई थांबली, हे २००० साली जाहीर झाले. पण राखणदार परक्या पेशींनाही मारतात. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सतत घ्यावी लागतात, त्याने इतर आजार सहज जडतात. शिवाय पुढे बऱ्याच जणांना पुन्हा इन्शुलिन लागले.

यावर शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. समुद्री शेवाळापासून अल्जिनेट नावाचा पदार्थ मिळतो. त्याच्या मण्यात पेशी ठेवायच्या. खिडकीच्या जाळीतून वारा येतो, डास येत नाही, तसेच हे. साखर आणि प्राणवायू आत जातात, इन्शुलिन बाहेर येते, राखणदार पेशी मात्र बाहेरच राहतात. १९८० साली लिम आणि सन या शास्त्रज्ञांनी असे मणी उंदरांना दिले, तेव्हा दोन-तीन आठवडे साखर ताब्यात राहिली.

मग अडले कुठे? पायात बाभळीचा काटा मोडून राहिला की भोवती कठीण गाठ होते ना? तशीच गाठ मण्याभोवती होते आणि आतल्या पेशी गुदमरतात. २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी अल्जिनेटमध्ये रासायनिक बदल करून मोहरीएवढे मणी केले. त्यांच्याभोवती गाठ फारशी झाली नाही. आतल्या मानवी पेशींनी १७४ दिवस साखर सांभाळली. पण तीही उंदरांत. माणसांसाठी हे काम अजून चाचण्यांतच आहे, नेहमीच्या उपचारात आलेले नाही.

म्हणून मैत्रिणींनो, कोणी पेशी बसवून देतो म्हणाले तर विचारा, ही नोंदणी झालेली चाचणी आहे का? अशा चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सूचना सांगतात. आणि कोणाच्याही शब्दावर इन्शुलिन बंद करू नका. टाइप १ मध्ये ते थांबले तर उलट्या होतात, धाप लागते, दोन-चार दिवसांत जीवावर बेतते.

त्या ताईला आम्ही कर्ज दिले, पण साखर तपासायचे यंत्र आणि पट्ट्यांसाठी. तिने विचारले, "माझ्या लेकीच्या नशिबात ते मणी असतील का हो?" आम्ही म्हणालो, असतील. पण ते येतील तेव्हा लेक धडधाकट हवी. म्हणून आजची सुई चुकवायची नाही.

तुमच्या गावात असे लेकरू असेल, तर त्याच्या आईला एवढे नक्की सांगा.