दोघे राजी असले, तरी करार होतोच असं नाही

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण)



सचिवांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेत माझी सगळी नोकरी कर्जाचे कागद वाचण्यात गेली, तेव्हा मी कागदाबद्दलच बोलणार. विषय आहे करारातला मोबदला आणि करारामागचा उद्देश. ऐकायला जड वाटेल, पण आपल्या नव्या लिफ्टच्या खर्चाशी त्याचा सरळ संबंध आहे.

'मियाँ बीबी राजी, तो क्या करेगा काजी' असं आपण सहज म्हणतो. व्यवहारात मात्र काजी विचारतो. आपला करार कायदा १८७२ सालचा. त्याचं कलम १० सांगतं, की नुसती संमती पुरत नाही, मोबदला आणि उद्देश दोन्ही कायदेशीर हवेत. ते केव्हा बेकायदा ठरतात, हे कलम २३ सांगतं. कायद्याने मनाई केली असेल, परवानगी दिल्यास एखाद्या कायद्याचा हेतूच बुडत असेल, फसवणूक असेल, दुसऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला इजा होत असेल, किंवा न्यायालयाला ती गोष्ट अनैतिक अथवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध वाटत असेल, तर तो करार शून्य. म्हणजे कायद्याच्या लेखी तो झालाच नाही.

आता मोबदला आणि उद्देश यांतला फरक. कलमाखालचं पहिलंच उदाहरण घराचं आहे. एकाने दहा हजारांना घर विकायचं कबूल केलं, दुसऱ्याने पैसे द्यायचं कबूल केलं. घराचा मोबदला पैसे, पैशांचा मोबदला घर. दोन्ही कायदेशीर. पण समजा मी माझा गाळा भाड्याने दिला आणि तिथे मटक्याचा अड्डा चालणार हे मला आधीच ठाऊक आहे. भाडं घेणं हा काही गुन्हा नाही, पण उद्देश बेकायदा. भाडं थकलं तर मी कुठल्या तोंडाने कोर्टात जाणार?

त्याच कलमात आणखी एक उदाहरण आहे. 'तुला सरकारी नोकरी लावून देतो, मला हजार रुपये दे.' हा करार शून्य. दीडशे वर्षं होऊन गेली, हजाराचे लाख झाले, पण उदाहरण जुनं झालेलं नाही. पोराच्या नोकरीसाठी शेत विकून पैसे देणारे आईबाप आपण आजही पाहतो. नोकरी लागली नाही की ते म्हणतात, 'आमच्याकडे स्टॅम्पपेपर आहे.' अहो, स्टॅम्पपेपरने काळ्याचं पांढरं होत नाही. देणारा आणि घेणारा दोघेही जाणूनबुजून त्यात असतील, तर कोर्ट सहसा कुणालाच हात देत नाही. पैसे ज्याच्याकडे गेले, त्याच्याकडेच राहतात.

फ्लॅटच्या व्यवहारातही हेच होतं. करारात रेडी रेकनरपुरती रक्कम लिहायची आणि वरची रोख द्यायची. मुद्रांक शुल्क वाचलं म्हणून दोघेही खूश. पण बँक कर्ज देते ते कागदावरच्या रकमेवर. उद्या व्यवहार मोडला, तर वरच्या पैशांचा पुरावा काय? आणि पुरावा दाखवला, तर कर चुकवण्याचा उद्देश आपणच कबूल केला. शिवाय २०१५ पासून घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला आयकर कायद्याची मनाई आहे. घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड.

आता आपल्या घरात येऊ. लिफ्टसाठी निधी हवा आहे आणि एक सूचना आली आहे, की नव्याने फ्लॅट घेणाऱ्याकडून दोन लाख 'विकास देणगी' घ्यावी. सूचना करणाऱ्यांची तळमळ मला मान्य आहे. पैसा कुणाच्या खिशात जाणार नाही, सोसायटीलाच लागणार आहे. पण शासनाच्या ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकानुसार महानगरपालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त पंचवीस हजार. सोलापुरात महानगरपालिका १९६४ पासून आहे, म्हणजे आपल्याला हीच मर्यादा. वारसाच्या नावावर फ्लॅट होत असेल, तर तेही घेता येत नाही. 'आम्ही देणगी म्हणून घेतो' हा युक्तिवादही जुनाच. न्यू इंडिया सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही.

कुणी म्हणेल, सर्वसाधारण सभेत एकमताने ठराव करू. ठराव म्हणजे आपल्या सगळ्यांची संमती. संमती पुरत नाही, हेच तर मी मघापासून सांगतोय. आणि नवा माणूस खुशीने देईल म्हणाल, तर त्याला आधी सभासद करून घ्या, दाखला हातात द्या, मग देणगीची पेटी पुढे करा. त्यानंतर दिलं तर ती खुशी. कागद अडवून घेतलेली खुशी कसली?

एक आठवण ठेवा. आज आपण घेणारे आहोत. उद्या आपली मुलं पुण्याला फ्लॅट घ्यायला जातील, तेव्हा देणारे आपणच असू.

लिफ्ट हवीच आहे. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या गुडघ्यांना तर फारच हवी आहे. त्यासाठी उपविधींप्रमाणे अंदाजपत्रक सभेपुढे ठेवा, प्रत्येक फ्लॅटवर रीतसर वर्गणी बसवा, पावती द्या. ज्यांना एकरकमी जमणार नाही त्यांना हप्ते द्या. पहिला चेक माझा घ्या. पंचवीस वर्षं आपल्या वहीत एकही रक्कम अशी नाही, जी कुणाला दाखवायला संकोच वाटावा. सुवर्णमहोत्सवाच्या समितीच्या हातीही तशीच वही पडो.