लहान धंदा आणि दूरचें गिऱ्हाईक

लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळीं उतरविणें हें एके काळीं किती कठीण होतें, याची आज सहसा कल्पना यावयाची नाहीं. लोखंडाच्या स्पर्शानें जमीन नासते अशी समजूत खेडोपाडीं रुजलेली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं सायकलींच्या धंद्यापासून आरंभ केला, पुढें नांगर घडविला, आणि १९१० सालीं औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयानें कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना थाटला. आजच्या सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडी ती हीच. माल चांगला होता; परंतु चांगला माल आपोआप खपतो असें म्हणणारांनीं बहुधा स्वतः कधीं माल विकलेला नसतो. गिऱ्हाईक चहूंकडे विखुरलेलें, त्यांतलें पुष्कळसें निरक्षर, आणि प्रत्येकाचें गांव आगगाडीच्या स्टेशनापासून कोसच्या कोस दूर! त्याच्यापर्यंत पोंचावें कसें, हा प्रश्न नांगराच्या फाळाइतकाच टोंकदार होता.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनीं १९२० सालीं या प्रश्नाला दिलेलें उत्तर मोठें मार्मिक आहे. त्यांनीं 'किर्लोस्कर खबर' नांवाचें पत्र काढलें. कारखान्याची व तेथील मालाची वार्ता लोकांपर्यंत जावी हा त्याचा मूळ हेतु. परंतु नुसती जाहिरात कोण वाचणार? तेव्हां हळूहळू वाचकाच्या उपयोगाचा व आवडीचा मजकूर त्यांत येऊं लागला, आणि कारखान्याचें हें खबरपत्र महाराष्ट्रांतील एक नामांकित मासिक बनलें. १९३० सालीं 'स्त्री' आणि १९३४ सालीं 'मनोहर' हीं त्याचीं भावंडें जन्मास आलीं. नांगर विकणाऱ्या कारखान्याच्या दारांत मराठी वाङ्मयाचा असा मळा फुलावा, हा योग विरळाच! तिकडे कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनीं १९१६ सालीं कांचेचा कारखाना काढला, आणि त्यांच्या 'प्रभाकर' कंदिलाचें नांव घरोघर झालें. गिऱ्हाईक दुकानांत जाऊन नुसता कंदील न मागतां 'प्रभाकर' मागूं लागलें, यांतच सारें आलें. आणि दूरच्या गांवीं माल धाडून पैसे वसूल करण्याची सोय? ती डाकखात्याच्या व्ही. पी. च्या पद्धतीनें १८७७ सालापासूनच करून ठेविली होती. पोस्टमन पुडकें देई व पैसे घेई. मग मध्यें अडत्या नसला तरी अडत नसे.

हा इतिहास सांगण्याचें कारण असें कीं, याच मुलखांतील लहान धंदेवाल्यापुढें आज अगदीं तोच प्रश्न उभा आहे, आणि उत्तराचीं साधनें मात्र पूर्वीपेक्षां कितीतरी स्वस्त झालीं आहेत. साताऱ्याचा कंदी पेढेवाला, तासगांवचा बेदाणेवाला, महाबळेश्वराकडे स्ट्रॉबेरीचा मुरंबा करणारें कुटुंब, हळद दळून पुड्या बांधणारा बायकांचा बचत गट, यांपैकीं कोणाजवळही मासिक काढण्याइतकें भांडवल नाहीं. परंतु त्यांचें गिऱ्हाईक आतां साक्षर आहे आणि त्याच्या खिशांत फोन आहे. २०१६ सालीं यूपीआयची देवघेव सुरू झाल्यापासून व्ही. पी. चें कामही तोच फोन करितो.

येथें एक घोटाळा वारंवार होतो. पुष्कळ दुकानदार संकेतस्थळ, म्हणजे ज्याला लोक वेबसाइट म्हणतात तें, एकदां हौसेनें करवून घेतात आणि तें कचेरींतल्या मोठ्या संगणकावर पाहून समाधान पावतात. गिऱ्हाईक मात्र तें पाहतें चार बोटें रुंदीच्या कांचेवर. रुंद पडद्यासाठीं आखलेलें पान तेवढ्याशा जागेंत बसविलें म्हणजे अक्षरें तांदुळावर कोरल्यासारखीं बारीक होतात. वाचणारा दोन बोटांनीं तीं ताणतो, पान डावीकडे उजवीकडे सरकवितो, आणि कंटाळून दुसऱ्याच्या दुकानांत जातो. पडदा अरुंद झाला कीं मजकूर आपण होऊन एकाखालीं एक लागावा, अशी रचना करतां येते, व हल्लीं तीच रीत आहे. गूगलनें तर २०१५ सालापासून, फोनवर शोध घेणाऱ्यास फोनवर नीट दिसणारीं पानें आधीं दाखविण्याचें धोरण ठेविलें आहे. दुकानाच्या पाटीवरचें अक्षर जरा बारीक आलें तर रंगाऱ्याला पुन्हां शिडीवर चढविणारा दुकानदार या दुसऱ्या पाटीविषयीं इतका उदासीन कसा असतो, हें एक कोडेंच आहे.

दुसरा दोष चित्रांचा. कॅमेऱ्यांतून निघालेलें छायाचित्र जसेंच्या तसें पानावर चढविलें तर तें इतकें जड होतें कीं, जावळीच्या खोऱ्यांत किंवा कासच्या वाटेवर, जेथें फोनची लहर क्षीण असते, तेथें तें उतरेपर्यंत गिऱ्हाइकाचा धीर सुटतो. चित्र लहान करून घालण्यास पैसा पडत नाहीं. दरपत्रकाचा फोटो काढून तोच पानावर चिकटविणें हीही तशीच खोड. शोधयंत्राला अक्षरांत लिहिलेला मजकूर सहज हातीं लागतो, चित्रांतला तितका लागत नाहीं. शिवाय लेखी आंकड्यावर बोट ठेवतांच फोन लागतो, चित्रांतल्या आंकड्यावर तो लागेलच असें नाहीं. नांव, पत्ता, दर, दुकान उघडें असण्याच्या वेळा आणि फोनचा आंकडा, एवढें मराठींत स्वच्छ लिहिलेलें एकच पान पुष्कळ धंद्यांना पुरतें. देवनागरी लिपींतील '.भारत' हा पत्ताही २०१४ सालापासून घेतां येतो.

समाजमाध्यमांची गोष्ट निराळी. तीं जत्रेसारखीं आहेत. औंधला यमाईच्या जत्रेंत पाल ठोकणाऱ्यास गर्दी जमवावी लागत नाहीं. ती आयतीच असते. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप येथें लोक आपापल्या कामानें आलेलेच असतात. कढईंत आटत असलेल्या खव्याचें चित्र तेथें टाकलें कीं दहा माणसें थबकतात. हा लाभ थोडा नव्हे. परंतु पाल म्हणजे घर नव्हे. २०२० च्या जूनमध्यें सरकारनें टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हां त्यावर जमविलेला गोतावळा कित्येकांनीं एका रात्रींत गमावला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप हीं तिन्हीं एकदम सुमारें सहा तास जगभर बंद पडलीं. शंकररावांना वर्तमानपत्रांत जाहिरात देतां आली असती. त्यांनीं स्वतःचें पत्रही काढलें, यांतला दूरदर्शीपणा अशा वेळीं कळतो. जत्रेंत भेटलेल्या गिऱ्हाइकाला घराचा पत्ता सांगून ठेवावा, आणि त्याचा पत्ता त्याच्या संमतीनें आपल्या वहींत उतरून घ्यावा.

ही वही कोठें ठेवावी, हेंही महत्त्वाचें आहे. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी सांगलीच्या बाजारपेठेंत शिरलें, तेव्हां कागदाच्या वह्यांची काय दशा झाली असेल तें सांगावयास नको. दुकान आठवडाभर बंद असतां 'आम्ही अमुक दिवशीं उघडूं' एवढा एक निरोप जुन्या गिऱ्हाइकांना धाडतां येणें, यावर लहान दुकानाचें पुढचें वर्ष अवलंबून असूं शकतें.

सांगलीची हळद घ्या. हरिपुरास जमिनींत खणलेल्या पेंवांत ती वर्षानुवर्षें सांठवीत; २००५ च्या महापुरांत त्यांतलीं बरीच पेंवें निकामी झालीं. २०१८ सालीं या हळदीस भौगोलिक निर्देशाची सरकारी नोंद मिळाली. पेठेंतला व्यवहार क्विंटलांचा. ठाण्याच्या गृहिणीला हवी असते अर्धा किलो, आणि तीही भेसळ नसलेली. तिला पटणार कसें? पुडीवरचा चौदा आंकड्यांचा अन्नपरवाना, पीक कोणत्या गांवचें, दळलें केव्हां, हें सारें ज्या पानावर उघड लिहिलेलें असेल त्या पानावर ती विश्वास टाकते. 'शुद्धतेची हमी' हे शब्द मात्र इतके झिजले आहेत कीं ते न लिहिलेलेच बरे.

लबाडी दुसऱ्या बाजूनेंही होते, तेव्हां तेंही सांगितलें पाहिजे. दूरचा खरेदीदार म्हणवून कोणी फोन करितो, मोठी मागणी नोंदवितो, आणि 'पैसे धाडतों, ही चौकोनी खूण टिपून आपला गुप्त आंकडा दाबा' असें सांगतो. गुप्त आंकडा पैसे देण्यासाठीं लागतो, घेण्यासाठीं कधींच लागत नाहीं. एवढें दुकानांतल्या पोरासही ठाऊक असावें. आणि फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें.

मिरजेचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. पूर्वीं शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनीं येथें सतार-तंबोऱ्यांची कला वाढविली. अब्दुल करीम खांसाहेबांचें वास्तव्य ज्या गांवीं होतें, त्या गांवच्या तंबोऱ्याचें नांव हिंदुस्थानभर गेलें. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक निर्देश मिळाले. परंतु ज्या फोनवर या कारागिराचें गिऱ्हाईक बसलें आहे, त्याच फोनमध्यें तंबोऱ्याचा आवाज काढणारें यंत्रही येऊन बसलें आहे, तेंही फुकट किंवा अल्प मोलांत. विद्यार्थ्याला रियाझापुरता तेवढा सूर चालतो. अशा स्थितींत कारागीर गप्प बसला तर त्याची गांठ परस्थ दुकानदाराशींच, आणि घडविणाऱ्याचें नांव दुकानदाराच्या पाटीमागें झांकलें जाण्याची भीति.

त्याच्यापाशीं दाखविण्यासारखें काय नाहीं? पंढरपुराकडून आणलेला भोंपळा, त्यावर जोडलेली दांडी, आणि घोडी घांसून जवारी काढण्याचें तें कानाचें काम! तारेखालीं दोरा केसभर सरकवितांच सुराला जें पाणी चढतें, तें अर्ध्या मिनिटाच्या ध्वनिमुद्रणांत दूरदेशींच्या गायकाला ऐकूं येतें. दहा पानांच्या वर्णनानें तें साधणार नाहीं. पानावर लिहिण्याचा मजकूर थोडाच: तंबोरा पुरुषी आवाजाचा कीं बायकी आवाजाचा, पट्टी कोणती, तारा चार कीं पांच, पेटींत कसा बांधून धाडणार, वाटेंत भोंपळा फुटल्यास कोणाची जबाबदारी. आणखी एक गोष्ट कारागीर संकोचानें लपवितात, ती किंमतीच्या शेजारींच लिहिलेली असावी: भोंपळा पुरता वाळल्यावांचून त्याला हात लावतां येत नाहीं, सबब माल आज तयार नाहीं, अमुक महिन्यांनीं मिळेल.