सरकारी दप्तराच्या किल्ल्या



सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता जेथें फुटतो, तेथें कसाल नांवाचें गांव आहे. जिल्ह्याचें मुख्य ठाणें जें ओरोस, तें येथून अगदीं जवळ. तरीही कसालच्या खातेदाराला सातबाराच्या उताऱ्यासाठीं आज कचेरींत खेटे घालावे लागत नाहींत. त्याचा भाऊ मुंबईस नोकरीला असला, तरी तो तेथूनच पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळवूं शकतो. 2018 सालापासूनची ही सोय चाकरमान्यांच्या या जिल्ह्याला किती उपकारक आहे, हें सांगावयास नको. परंतु दप्तर चावडीच्या पेटींतून निघून संगणकांत गेलें, म्हणजे त्याच्या किल्ल्याही बदलतात. त्या नव्या किल्ल्या कोणाच्या हातीं आहेत, हें विचारण्याची संवय मात्र आपणांस अजून लागलेली नाहीं. आज त्यांचाच विचार करावयाचा आहे.

संगणकाच्या दारावर दोन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. पहिला, आपण कोण? दुसरा, आपणांस काय पाहण्याचा आणि काय बदलण्याचा अधिकार आहे? पहिल्याचें उत्तर पासवर्डनें किंवा फोनवर येणाऱ्या ओटीपीनें मिळतें. दुसऱ्याचें उत्तर मात्र प्रत्येक कागदापाशीं, प्रत्येक वेळीं नव्यानें तपासावें लागतें. कचेरींत प्रवेश मिळाला म्हणून तेथील प्रत्येक कपाट उघडण्याची मुभा मिळाली, असें कोणी मानीत नाहीं. पण कित्येक सरकारी संकेतस्थळें नेमकें तेंच मानून चालतात.

याचें ठळक उदाहरण 2025 सालीं प्राप्तिकर खात्याच्या विवरणपत्रें भरण्याच्या संकेतस्थळावर आढळलें. दोन संशोधकांच्या ध्यानांत आलें कीं, स्वतःच्या खात्यांत रीतसर प्रवेश केल्यावर संगणकाकडे जाणाऱ्या मागणींतील आपला पॅन क्रमांक काढून दुसऱ्याचा घातला, तर त्या दुसऱ्या करदात्याचें नांव, पत्ता, जन्मतारीख, बँकेच्या खात्याचा तपशील आणि आधार क्रमांकही समोर येत असे. कुलूप फोडण्याची गरजच नव्हती. मागणारा कोण, हें यंत्रानें विचारलें होतें. मागितलेला कागद त्याचा आहे काय, हें विचारलें नव्हतें. हा दोष ऑक्टोबरच्या आरंभीं दूर करण्यांत आला.

हें व्यंग आपल्याच देशापुरतें आहे असें नव्हे. ओवास्प ही जागतिक संस्था संकेतस्थळांच्या प्रमुख धोक्यांची यादी वेळोवेळीं प्रसिद्ध करते. त्या यादींत हा दोष 2017 सालीं पांचवा होता, तो 2021 सालीं पहिला झाला. सरकारी संकेतस्थळें सुरू होण्यापूर्वीं त्यांची तपासणी होते. मग हा दोष निसटतो कसा? कारण, तपासणी करणारें यंत्र फुटकें कुलूप ओळखतें. पण अमुक उतारा अमक्याचा आहे, हें त्याला ठाऊक नसतें. तें ज्ञान त्या खात्याच्या कामकाजांत असतें, आणि तें माणसानेंच नियमांत उतरवावें लागतें.

दुसरा प्रकार लपविण्याचा. अधिकाऱ्यांसाठींचें पान सामान्य नागरिकाच्या यादींत दाखविलें नाहीं, म्हणजे तें बंद झालें, अशी समजूत असते. ज्याला पत्ता ठाऊक असेल तो थेट तेथें पोहोंचतो. मालवणच्या समुद्रांत 1664 सालीं ज्याच्या बांधकामास आरंभ झाला, त्या सिंधुदुर्गाचें महाद्वार बुरुजांच्या वळणांत असें बसविलें आहे कीं दुरून तें दिसत नाहीं. परंतु बांधणाऱ्यांनीं केवळ त्यावर भिस्त ठेवली नाहीं. तेथें भक्कम दरवाजाही घातला. लपविणें हें पहाऱ्याला साहाय्य आहे. पहाऱ्याचा पर्याय नव्हे.

तिसरा प्रकार सर्वांत घातक. त्यांत यंत्र चुकत नाहीं. अधिकाराची किल्लीच परक्या हातीं जाते. यवतमाळ जिल्ह्यांत आर्णी तालुक्यांतील शेंदुरसनी हें दीड हजारांच्या आसपास वस्तीचें गांव. 2025 च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत त्या ग्रामपंचायतीच्या नांवें 27 हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचें उघडकीस आलें आणि चौकशी सुरू झाली. 1 ऑक्टोबर 2023 पासून, त्या दिवशीं वा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळेंतील प्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच द्यावा लागतो. अशा दाखल्याची खोटी नोंद म्हणजे केवळ कागदी अपराध नव्हे. खऱ्या दाखल्यावरचा विश्वासही ती पोखरते. एवढ्याशा गांवांत रोज शेंकडों मुलें जन्मास येत असल्याचें जें यंत्र निमूटपणें टिपून घेतें, त्याला पहारेकरी कसें म्हणावें?

येथें आपल्या जुन्या दप्तराची आठवण ठेवणें युक्त होईल. 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या 150 व्या कलमाप्रमाणें फेरफाराची नोंद एकानें करावयाची, तिची प्रत चावडीवर लावावयाची, हितसंबंधी व्यक्तींना कळवावयाचें, हरकती ऐकावयाच्या, आणि मग दुसऱ्या अधिकाऱ्यानें ती प्रमाणित करावयाची. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा आणि पाहणारा सारा गांव! सातबारा कोणीही वाचावा, त्यांत गैर कांहीं नाहीं. तो उघडा आहे म्हणूनच त्यांतील लबाडी दिसून येते. बदलण्याचा अधिकार मात्र मोजक्यांचा. उलट आधार क्रमांक व बँकेचें खातें हीं ज्याचीं त्यानेंच पाहावयाचीं. म्हणजे सगळें झांकणें हा उपाय नव्हे, आणि सगळें उघडें टाकणें हाही नव्हे. कागदागणिक मर्यादा ठरविली पाहिजे.

तेव्हां सरकारकडे आपण चार गोष्टी मागाव्या. प्रत्येक कागद देतांना मागणाऱ्याचा हक्क तपासला जावा. अधिकाऱ्याचा लॉगिन त्याच्याच हातीं राहावा. कामाच्या गर्दींत तो मदतनिसाच्या स्वाधीन होऊं नये, आणि त्यासाठीं पुरेशीं माणसें द्यावीं. कोणीं, केव्हां, काय पाहिलें व बदललें याची पुसतां न येणारी नोंद राहावी, आणि ज्याची नोंद बदलली त्याला तात्काळ संदेश जावा. शेवटचें म्हणजे, सद्भावनेनें दोष दाखविणाऱ्याला अपराधी समजूं नये. 2000 सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा परवानगीवांचून केलेला प्रवेश दंडनीय मानतो. तो धाक चोराला असावा, सावध करणाऱ्याला नव्हे. असा दोष कोणास आढळला, तर त्यानें कुतूहलापोटीं आणखी कागद उघडूं नयेत. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेस कळवावें.

आणि आपण घरोघरीं काय करावें? वर्षांतून दोनदां तरी आपला सातबारा काढून वाचावा, फेरफार पाहावे, नोंदलेला फोन नंबर आपलाच आहे ना याची खात्री करावी, आणि ओटीपी कोणासही, ओळखीच्या केंद्रचालकासही, सहज सांगूं नये.

कसालच्या शेतकऱ्याचा हक्क पूर्वीं चावडीवरच्या कागदांत होता, आज तो दूरच्या एका यंत्रांत आहे. जागा बदलली, हक्क तोच आहे. तो राखावयाचा, तर ज्याच्या नांवाचा कागद त्यालाच त्याच्या किल्लीचा हिशेब मागतां आला पाहिजे.