अप्पासाहेबांना थोडी सुट्टी द्या
(दहावी १९८४ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिलाय : 'हल्ली कोणती नाटकं बघावीत?' आपल्या ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी कोणीतरी हा प्रश्न टाकतं. त्याखाली चार जण लिहितात, 'आता पूर्वीसारखी नाटकं राहिली नाहीत', दोघं हात जोडल्याचं चित्र टाकतात, आणि विषय मिटतो. आज तुम्ही समोर बसला आहात, जेवणाला अजून अर्धा तास आहे, त्यामुळे आज मिटू देणार नाही.

मी समीक्षक वगैरे नाही. विमा कंपनीत नोकरी करते आणि संध्याकाळी हौशी नाटक. राज्य नाट्य स्पर्धेसाठी प्रॉम्प्टिंगपासून म्हाताऱ्या आईच्या भूमिकेपर्यंत सगळं केलंय. शिवाय आम्ही सातआठ जण महिन्यातून एकदा एकत्र बसून नाटक मोठ्यानं वाचतो. जे सांगणार आहे ते त्या सतरंजीवरच्या वाचनातून आणि थिएटरच्या मागच्या रांगांमधून आलेलं आहे.

गेल्या वर्षी आपल्या जिल्ह्यात शाळांच्या एका एकपात्री स्पर्धेला मी परीक्षक होते. बावीस मुलं होती. त्यांतल्या नऊ जणांनी 'नटसम्राट' केलं. नववीतली एक मुलगी पांढरी मिशी लावून, काठी टेकत अप्पासाहेब बेलवलकर झाली होती, आणि वाईट करत नव्हती हो. नंतर तिला विचारलं, 'हेच का निवडलंस?' म्हणाली, 'बाईंनी दिलं. बाईंनीपण शाळेत असताना हेच केलं होतं.'

'नटसम्राट' १९७०चं. शिरवाडकरांवर माझा राग असायचं काहीच कारण नाही, ती स्वगतं अजूनही वाचताना घसा दाटतो. पण चौदा वर्षांच्या मुलीनं म्हाताऱ्या पुरुषाचं दुःख मिशी लावून का सांगायचं? तिला तिचं काही सांगायचं नसेल? आणि आपल्या वेळचं आठवून बघा. गॅदरिंगच्या नाटकात स्वगतं मुलग्यांना. आम्हा मुलींना काय, तर ट्रे घेऊन यायचं आणि 'अहो, चहा घेताय ना?' एवढं म्हणून आत जायचं. मी तीन वर्षं तो ट्रे धरलाय.

म्हणून 'पूर्वीसारखी नाटकं राहिली नाहीत' हे वाक्य मला मान्यच आहे. पूर्वी ज्यांना ट्रे दिला जायचा, त्यांना आता स्वगत मिळायला लागलंय. नव्या नाटकांत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे.

उदाहरण देते. 'संगीत देवबाभळी'. लेखक-दिग्दर्शक प्राजक्त देशमुख, नाशिकचे. आधी एकांकिका होती, मग २०१७ साली भद्रकालीनं तिचं दोन अंकी नाटक केलं. रंगमंचावर दोनच बायका. एक आवली, तुकोबांची बायको. दुसरी लखुबाई, म्हणजे वेष पालटून आलेली साक्षात रुक्मिणी. भाकरी घेऊन तुकोबांना शोधायला डोंगरावर गेलेल्या आवलीच्या पायात काटा मोडतो, तो विठ्ठल काढतो, आणि तिची सेवा करायला रुक्मिणीला तिच्या घरी पाठवतो. एवढीच गोष्ट. पण त्या घरात एकीचा नवरा विठ्ठलापायी घर विसरलेला, आणि दुसरीचा नवरा भक्तांपायी तिला विसरलेला. आपण सगळ्यांनी शाळेत आवली म्हणजे कजाग बायको असंच शिकलो. सर, रागावू नका, तुम्हीसुद्धा तसंच शिकवलंत! या नाटकात ती बोलायला लागते तेव्हा कळतं, की घरात दाणा नसताना पोरं सांभाळणाऱ्या बाईला कजाग म्हणणं किती सोपं होतं. हे नाटक वारकऱ्यांनाही आवडलं आणि देव न मानणाऱ्या माझ्या नणंदेलाही. पुस्तकाला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार आहे.

हे आवडलं तर मागे जाऊन प्रशांत दळवींचं 'चारचौघी' वाचा. हे १९९१चं, म्हणजे तसं नवं नव्हे. पण चंद्रकांत कुलकर्णींनी तेच नाटक २०२२ साली नव्या संचात पुन्हा उभं केलं, आणि प्रेक्षागृहात माझ्या शेजारी बसलेली पंचविशीतली मुलगी ते कालच लिहिल्यासारखं बघत होती. एक आई आणि तिच्या तीन मुली. थोरली विद्या नवऱ्याशी फोनवर बोलते, तो प्रवेश मुद्दाम ऐका. पलीकडचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. नवरा काय म्हणाला असेल ते तिच्या थांबण्यावरून कळतं. स्वगत नाही, संवादही नाही, दोन्हींच्या मधलं काहीतरी. मूळ संचात वंदना गुप्ते होत्या, नव्या संचात मुक्ता बर्वे. अभिनय शिकणाऱ्या कुठल्याही मुलीला मी आधी हा प्रवेश देते, आणि सांगते, बोलायचं नंतर बघू, आधी ऐकायला शीक.

आणि एकपात्रीच म्हणाल तर सुषमा देशपांडे यांचं 'व्हय, मी सावित्रीबाई' आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी ते गावोगाव केलं. सावित्रीबाई फुले स्वतः समोर येऊन आपल्याशी गप्पा मारल्यासारखं बोलतात. नेपथ्याला फारसं काही लागत नाही, शाळेच्या व्हरांड्यात होतं. त्या मिशी लावलेल्या मुलीसाठी मला आधी हेच आठवलं होतं.

पुरुषांनी नाराज व्हायचं कारण नाही, तुमच्याकडेही येते. राजीव नाईकांचं 'साठेचं काय करायचं?' नवरा-बायकोनं शेजारी बसून बघावं. पात्रं दोनच. अभय जाहिरातपट करतो, सलमा प्राध्यापिका आहे. आणि साठे नावाचा एक जण आहे, तो अभयपेक्षा पुढे निघून गेलाय. हा साठे स्टेजवर येतच नाही! पण सबंध नाटक तोच व्यापून बसतो. आपल्या तुकडीतसुद्धा प्रत्येकाचा एक साठे आहे, आणि तो आज याच हॉलमध्ये बसलाय. बघू नका इकडेतिकडे.

हलकंफुलकं पण नेटकं हवं असेल तर श्वेता पेंडसे यांचं '३८ कृष्ण व्हिला'. एका नामवंत लेखकाच्या घरी एक बाई येते, तिचा दावा असा की त्याची पुस्तकं मुळात त्यानं लिहिलेलीच नाहीत. शेवट सांगत नाही. तुमच्या मुलांबरोबर बघायचं तर मनस्विनी लता रवींद्र यांचं 'अमर फोटो स्टुडिओ', जुन्या स्टुडिओतून मागच्या काळात जाऊन पडलेल्या तरुणांचं. आणि मुलं आपल्याशी बोलत का नाहीत हे खरंच समजून घ्यायचं असेल तर धर्मकीर्ती सुमंतचं 'गेली एकवीस वर्षे' वाचा. ते आपल्याला सोयीचं नाटक नाही, आधीच सांगते.

'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' किती जणांनी पाहिलंय? हात वर करा... पाच. ठीक. लेखक राजकुमार तांगडे, दिग्दर्शक नंदू माधव, मूळ कल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं. बरीचशी नटमंडळी जालन्याकडची, त्यांतले कित्येक शेतकरी. शिवाजी महाराजांना न्यायला यम येतो, आणि महाराजांचा विचार मात्र खालीच हरवतो, त्याची शोधाशोध. हसून हसून पोट दुखतं आणि घरी जाताना गप्प व्हायला होतं. त्यातली भाषा पुण्यामुंबईची नाही, म्हणून कोणी नाक मुरडलं तर सांगा, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा तेही पुण्यामुंबईचं नव्हतं. आणि तेव्हा ते नवं नाटक होतं, हे आपण पाच नोव्हेंबरला हार घालताना विसरतो.

माझं स्वतःचं सगळ्यात आवडतं नाटक मात्र जयंत पवारांचं 'अधांतर'. १९९७चं. १९८२चा गिरणी संप आपण आठवी-नववीत असतानाचा. आपल्यातल्या किती जणांचे काका-मामा तेव्हा मुंबईहून ट्रंका घेऊन परत आले, आठवतंय ना? 'सुट्टीवर आलेत' असं घरी सांगायचे, आणि ती सुट्टी संपलीच नाही. 'अधांतर' त्या संपानंतरच्या एका धुरी कुटुंबाचं आहे : आई, बेकार मुलगे, एक मुलगी, चाळीतली एक खोली. यातली आई बोलते कमी आणि राबते जास्त. जयंत पवार २०२१ साली गेले. पण नाटक छापलेलं आहे, मिळतं, मोठ्यानं वाचता येतं. इमारतीच्या पुनर्विकासात अडकलेल्यांनी त्यांचंच 'काय डेंजर वारा सुटलाय'ही वाचावं.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी मी माईक मागून घेतला. त्या स्पर्धेत आणखी एक मुलगी होती. तासगावकडची, आठवीतली. तिची आई बेदाण्याच्या शेडवर निवडायला जाते. हिनं आईचा एक दिवस स्वतःच लिहून आणला होता. दिवसभर बसून आखडलेली कंबर, बोटांचा चिकटपणा, मुकादमाची नक्कल, आणि मध्येच, घरी आणलेला मूठभर बेदाणा कोणी खायचा यावरून भावंडांची मारामारी. पाच मिनिटं सभागृहात चुळबुळ झाली नाही. मी तिला पहिल्या क्रमांकाचे गुण दिले. पण नियमात लिहिलेलं होतं, 'संहिता मान्यवर लेखकाची असावी'. ती बाद झाली. मी भांडले, आयोजकांनी नियमावर बोट ठेवलं, उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही. परत जाताना तिच्या आईनं मला विचारलं, 'म्हंजी तिनं चोरून आनलंय आसं वाटलं का त्यास्नी?' त्याला काय उत्तर द्यायचं?

आज दुपारी आपल्या निधीचं काय करायचं ते ठरणार आहे. शाळेच्या स्टेजला नवा मखमली पडदा घ्यावा अशी सूचना आहे. घ्या की, माझी ना नाही. पण मागच्या महिन्यात मी शाळेच्या ग्रंथालयातलं नाटकांचं कपाट उघडून पाहिलं. अत्रे, कानेटकर, कालेलकर, बाळ कोल्हटकर. आपण परत केलेली पुस्तकंच अजून तिथे आहेत. मखमलीच्या पडद्यामागे पुन्हा तीच मिशी लावायची असेल तर पडद्याचा काय उपयोग?

तेव्हा माझ्या दोन मागण्या. निधीतला काही भाग दरवर्षी नव्या नाटकांच्या पुस्तकांसाठी ठेवावा. बरीच नवी नाटकं छापलेली मिळत नाहीत, तिथे लेखकाला पत्र लिहून संहिता मागायची. माझा अनुभव असा की लेखक आनंदानं पाठवतात. मात्र प्रयोग करायचा असेल तर तिकीट असो वा नसो, त्यांची परवानगी घ्यायची आणि जमेल ते मानधन द्यायचं. आपण मांडववाल्याला पैसे देतो, साउंडवाल्याला देतो, आणि ज्यानं वाक्यं लिहिली त्याला नारळ. हे आपल्या शाळेत तरी थांबवू या. दुसरी मागणी : गॅदरिंगच्या एकपात्री स्पर्धेत स्वतः लिहिलेल्या संहितेला आपल्या तुकडीतर्फे वेगळं बक्षीस असावं. मुख्याध्यापिका बाई इथेच आहेत, त्यांनी मघाशी मान हलवलेली मी पाहिली आहे.

नाटकांची यादी बाहेर चहाच्या टेबलावर ठेवलीय, जाताना घ्या. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता माझ्या घरी 'अधांतर'चं वाचन आहे. मुलग्यांच्या भूमिकांसाठी आपल्या तुकडीतले तिघं तयार झालेत, मुलीची भूमिका आमच्या गटातली एक जण वाचेल. आईचं मात्र अजून कोणी ठरलेलं नाही. बाई, तुम्ही आम्हाला पाचवीत कविता वाचून दाखवायचात, तो आवाज मला अजून ऐकू येतो. तुम्ही वाचाल का आई? घरी न्यायला आणि सोडायला मी येईन.