मंथरेच्या हातची तलवार

आपल्या पुसद-वणीकडे ललिता पवार म्हटलं, की बायाबापड्यांना १९८७ च्या ‘रामायण’ मालिकेतली मंथरा आठवते, नाही तर सुनेला छळणारी सासू. पण ह्याच बाई मूकपटांच्या काळात तलवारबाज नायिका होत्या! १९३१ च्या ‘दिलेर जिगर’मध्ये त्या तोंडावर मुखवटा चढवून पुरुषांशी झुंजतात. नादियाची गाजलेली ‘हंटरवाली’ आली १९३५ साली, म्हणजे चार वर्षे मागाहून. पुढे १९४२ मध्ये चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जोरात बसली, डोळा अधू झाला, नायिकेची कामं सुटली. मग वाट्याला आली ती खाष्ट सासू. गुरुजी, शाळेत लाठी शिकवताना ज्या मुली मागच्या रांगेत लपतात, त्यांना ही गोष्ट सांगा. तो मूकपट पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात जपलेला आहे.