फॉर्म भरण्याआधी विचारायला जायचं की नाही?

(डोलवी इथं महिला मंडळाच्या बैठकीत मुली आणि त्यांच्या आयांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मागच्या बैठकीनंतर बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, मला एम.एस.डब्ल्यू.चा फॉर्म भरायचाय. त्याआधी मुंबईच्या कॉलेजात माहिती द्यायला बैठक ठेवलीय. जायलाच पाहिजे का? घरून मला एकदाच सोडतील. या बैठकीला गेले, तर प्रवेशपरीक्षेला सोडणार नाहीत."

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. आज सगळ्यांसमोर देते, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

चर्चगेटजवळ राहणाऱ्या मुलीला हा प्रश्न पडत नाही. ती चालत जाते, ऐकून येते. डोलवीच्या मुलीनं वडखळ नाक्यापर्यंत रिक्षा करायची, तिथून एस.टी.नं पनवेल गाठायचं, मग लोकल. परत येईतो दिवेलागण होते. आई पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जात असेल आणि सोबत निघाली, तर तिचा खाडा होतो. हा खर्च मोठा आहे. म्हणून "जा बिनधास्त" असं नुसतं म्हणून मी मोकळी होणार नाही.

मी स्वतः गेले नव्हते. आमच्या घरात बारावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. भावाच्या मित्रानं सांगितलं तसा फॉर्म भरला. यादीत नाव लागलं. फी भरायला गेले तेव्हा कळलं, वसतिगृहाचा फॉर्म वेगळा होता आणि त्याची मुदत संपली होती. रोज जाऊन-येऊन शिकणं शक्य नव्हतं. वर्ष गेलं. त्या वर्षात घरात माझ्या लग्नाच्या बोलण्यांना जोर आला, आणि माझं शिक्षण तिथंच संपता संपता वाचलं. मुलाचं वर्ष वाया गेलं तर वर्षच जातं. मुलीचं गेलं तर पुढचं सगळं जाऊ शकतं.

पुढच्या वर्षी मी मावशीला घेऊन आधी विचारायला गेले.

आता पहिली गोष्ट. बैठकीला हजर राहिलं म्हणून कुठं मार्क मिळत नाहीत. प्रवेश जिथं परीक्षेच्या गुणांवर होतो, तिथं तुमचा चेहरा कुणी ओळखीचा धरत नाही. तेव्हा तोंड दाखवायला म्हणून जाऊ नका. आणि बैठकीची वाट बघत फॉर्मची तारीख तर मुळीच चुकवू नका. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी आता सीयूईटी-पीजी ही देशभराची परीक्षा द्यावी लागते. तिचा फॉर्म बी.ए.चा शेवटचा पेपर व्हायच्या खूप आधी भरायचा असतो. तिथं आधी फॉर्म, मग चौकशी.

मग जायचं कशाला? पत्रकात जे छापलेलं नसतं, ते विचारायला. वसतिगृहात जागा किती, आणि बाहेरगावच्या मुलींना आधी मिळतात का? खाणावळ धरून वर्षाचा खर्च किती? शिष्यवृत्ती फीमधून वळती होते, की आपण आधी भरायचे आणि पैसे मागाहून येणार? पेपर मराठीत लिहिता येतो का? समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आठवड्यातले काही दिवस वस्त्यांमध्ये काम करावं लागतं, तिथून परतायला किती वाजतात? २०१३च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असते, तिच्यावर कोण आहे? शेवटचा प्रश्न विचारताना लाजू नका. उत्तर कसं देतात, त्यावरूनही बरंच कळतं.

पैशाचं नीट समजून घ्या. २०२४ साली राज्य सरकारनं आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ केलं. गावात त्याचं "मुलींना सगळं फुकट" असं झालं. तसं नाही. आपला अभ्यासक्रम आणि आपलं कॉलेज त्यात बसतं का, हे विचारायला हवं. राहण्या-जेवणाचा खर्च त्यात येत नाही. त्यासाठी पंजाबराव देशमुख यांच्या नावाची निर्वाहभत्त्याची वेगळी योजना आहे, तिच्या अटी वेगळ्या.

आधी विचारून घेण्यात कमीपणा नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या, त्याआधी कितीतरी पत्रं गेली होती. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंशी पत्रव्यवहार झाला, राहायचं कुठं ते ठरलं. तिथं पोचल्यावर फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांना त्यांनी आपली अडचण आणि इच्छा लिहून कळवली, आणि प्रवेश मिळाला. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या धाडसाचं आपण कौतुक करतो. त्या धाडसामागं एवढी विचारपूसही होती.

आणि आपल्या तालुक्याला हे कुणी शिकवायला नको. २००८ साली सेझच्या प्रश्नावर पेण तालुक्यातल्या २२ गावांत मतदान झालं, ते कशासाठी? जमीन देण्याआधी आम्हाला विचारा, म्हणूनच. जमिनीच्या कागदावर न वाचता अंगठा द्यायचा नाही, हे आपल्याला कळतं. मुलीच्या दोन वर्षांचा कागदही तसाच वाचायला हवा.

आता त्या मुलीचा खरा प्रश्न. एकदाच सोडतील, मग काय? माझा अनुभव सांगते. मावशीनं वसतिगृहाचा दरवाजा बघितला, रेक्टरबाईंशी बोलली, रात्री किती वाजता कुलूप लागतं ते विचारलं. घरी आल्यावर माझ्या वडिलांशी मी बोललेच नाही, ती बोलली. म्हणून बाय, एकटी जाऊ नकोस. आईला ने. बैठकीत तुझ्यापेक्षा तिचं ऐकणं महत्त्वाचं आहे. परवानगी एकदा वापरली की संपते असं नाही. आईनं डोळ्यांनी पाहिलं, तर पुढची परवानगी तीच मिळवून देते. कदाचित ती पाहून "नको" म्हणेल. तेही फी भरण्याआधी कळलेलं बरं. मग आपण मंडळातून तिच्याशी बोलायला येऊ.

ज्यांना जाणं जमणारच नाही, त्यांनी आधी फोन करून विचारा. करोनानंतर अशा बैठका पुष्कळदा ऑनलाइनही होतात. पण घरातला फोन भावाच्या खिशात असतो. तेव्हा मंडळाच्या खोलीत, मंडळाच्या फोनवर सगळ्या मिळून ऐकू. जिथं जावंच लागेल, तिथं एक मुलगी आणि एक आई सगळ्यांच्या वतीनं जातील. प्रश्न सगळ्यांचे, वहीत लिहिलेले. भाडं वर्गणीतून. परत आल्यावर इथं बसून उत्तरं वाचायची.

वही मी आणली आहे. त्या मुलीचा पहिला प्रश्न लिहिला आहे. पुढचे तुम्ही सांगा.