खुळखुळा विकू, खोटा शब्द नको
(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत केलेलं मनोगत)



आज हप्त्यांचं, वसुलीचं बोलणार नाही. आज खुळखुळ्यावर बोलते. हसू नका! शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर वाजतात, गुलमोहराच्या शेंगेची पोरं तलवार करतात. तसलाच आवाज शहरातली माणसं विकत घेतात. योगवर्गात, ध्यानाला बसल्यावर खुळखुळा हळूहळू हलवतात. पावसाच्या सरीसारखं वाटतं, जीव निवांत होतो. त्याला ते ‘साउंड हीलिंग’ म्हणतात.

आपल्या एका गटानं कडू भोपळ्याचे आणि करवंटीचे खुळखुळे केले. पहिल्या खेपेला चूक माझीच झाली. मी घाई केली, भोपळे पुरते वाळले नव्हते. आत बुरशी धरली, बियांना कीड लागली, माल परत आला. गटातल्या मावशी म्हणाल्या, “पोरी, पंढरपूरकडचे भोपळे मिरजेला सतारीसाठी जातात, ते काय आठवड्यात वाळतात व्हय?”

तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी पाळतो.

एक, भोपळा वेलावरच पुरता पिकू द्यायचा, मग हवेशीर जागी टांगायचा. हलका झाला आणि आतल्या बिया वाजल्या, की मगच कापायचा. घासताना तोंडाला फडकं बांधा, ती धूळ घशाला झोंबते.

दोन, आत चिंचोके, रिठ्याच्या बिया किंवा सागरगोटे घाला, तेही कडक उन्हात वाळवून. गुंज मात्र नको. दिसते सुंदर, पण फुटलेली किंवा चावलेली गुंज पोटात गेली तर जिवावर बेतते.

तीन, लहान मुलांचं खेळणं म्हणून विकू नका. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह लागतं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना यात सूट आहे. म्हणून आधी कारागीर ओळखपत्र काढून घ्या.

आता खरी गोष्ट. एका व्यापाऱ्यानं मोठी ऑर्डर देऊ केली. अट एकच, चिठ्ठीवर लिहायचं, ‘याच्या आवाजानं बीपी, शुगर बरी होते.’ खरं सांगते, मी गप्प बसले. हप्ता तोंडावर होता. तेवढ्यात एक ताई म्हणाली, “आमचे मालक बीपीची गोळी घेतात. हे वाचून त्यांनी गोळी सोडली तर?” कोणी काहीच बोललं नाही. आम्ही नाही म्हणालो, ऑर्डर गेली.

मागाहून मी कायदा वाचला. औषध किंवा चमत्कारी उपाय म्हणून रक्तदाब, मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. पण त्या ताईला कायदा माहीत नव्हता, तिला घरचं माणूस माहीत होतं. आता आमच्या चिठ्ठीवर एवढंच असतं: ‘हाताने बनवलेला. निवांत बसण्यासाठी. हे औषध नाही.’

भावाचंही सांगते. समजा, एका नगाला दोन तास लागले. आठ तासांचा रोज ३०० रुपये धरला तर मजुरी ७५ रुपये. दोरी, पॉलिश, पॉलिश पेपर २५ रुपये. म्हणजे १०० रुपये घरातच झाले. मग ८० ला का देता? “बसल्या बसल्या तर केलं” असं म्हणू नका. बसून केलेलं कामही कामच असतं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटानं आपल्या एका वस्तूचा असा हिशोब मांडून आणा. आणि चिठ्ठीवर काय लिहिता, तेही दाखवा.